उजव्या पंखावरचं छिद्र

आठल्येबाईंनी कुठल्याही चित्राला ‘सुंदर’ म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. त्यांच्याकडे शेरे दोनच. ‘बरोबर आहे’ आणि ‘चूक आहे’. माझी मुलगी ईरा पहिलीत असताना तिने काढलेलं फुलपाखरू मी मोठ्या कौतुकाने त्यांना दाखवायला नेलं. बाईंनी गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला अडकवलेलं भिंग डोळ्याला लावलं, कागद नाकापाशी नेला आणि म्हणाल्या, "चूक आहे. पंख पोटाला चिकटवलेस. पंख छातीतून निघतात." ईराचा चेहरा पडला. बाईंनी तिची समजूत वगैरे काढली नाही. कपाटातून काचेची एक पेटी काढली, तिच्यासमोर ठेवली आणि स्वतःच्या कामाला लागल्या. पोरगी पाऊण तास त्या पेटीवर नाक टेकवून बसली. लिफ्टमध्ये मला म्हणाली, "शी इज सो मीन, मम्मा. कॅन वी गो अगेन टुमॉरो?"

जर्सी सिटीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही एकविसाव्या मजल्यावर आणि बाई सहाव्या. ओळख झाली ती खाली, मुलांच्या गलक्यात. सप्टेंबरात आमच्याकडे लँटर्नफ्लायचा सुळसुळाट असतो. करडे पंख, त्यावर काळे ठिपके, आत लालभडक. बाहेरच्या देशातून आलेली, झाडांचा रस शोषणारी कीड. दिसली की चिरडा, असं सरकारच सांगतं. स्टेशनबाहेर सूटबूट घातलेली माणसंही थांबून पाय आपटत असतात. त्या दिवशी बिल्डिंगची पाच-सहा मुलं असाच धुमाकूळ घालत होती आणि मधोमध एक बारीक चणीची, पांढऱ्या केसांची बाई हात आडवा धरून उभी होती.

"मारायचं तर मारा," ती बाई म्हणत होती. "पण आधी बघा. न बघता मारायचं नाही. पुढच्या पंखावर ठिपके किती?"

मुलं ओणवी झाली. ठिपक्यांवरून वाद झाला. आकडा एकमताने ठरल्यावर बाईंनी स्वतःच्या बुटाने त्या किड्याला चिरडलं. मुलं मागे सरकली. मीसुद्धा. "मला वाटलं तुम्ही त्याला वाचवणार, काकू," मी म्हणाले.

"का? कीड आहे ती. फक्त कोणाला मारलं ते माहीत पाहिजे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि काकू नको. मी तुझ्या काकांची कोणी नाही. बाई म्हण."

बाई मूळच्या अमरावतीच्या. मॅनहॅटनमधल्या एका म्युझियममध्ये त्यांनी नोकरीची सगळी वर्षं किड्यांची चित्रं काढण्यात घालवली होती. शास्त्रज्ञ नवा भुंगा शोधून काढायचे, त्याला नाव द्यायचे, आणि त्या नावाखाली छापायचं चित्र बाई काढायच्या. फोटो का नाही काढत, असं मी एकदा विचारलं. "फोटोत एक भुंगा येतो," त्या म्हणाल्या. "मी काढते त्यात त्या जातीचे सगळे भुंगे यायला लागतात."

रिटायर झाल्यावरही रोज सकाळी नऊला त्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसायच्या. कुंचला इतका बारीक, की त्याला टोक आहे हे रंगात बुडवल्यावरच कळायचं. रेघ मारताना श्वास रोखायच्या. रेघ संपली की श्वास सोडायच्या, आणि तो आवाज शेजारच्या खोलीत ऐकू यायचा. दुपारी चारला काम बंद. उजेड बदलतो म्हणून. चहा बिनसाखरेचा, तोही उभ्याने. फ्रिजमध्ये धिरड्यांच्या पिठाशेजारी एक स्टीलचा डबा असायचा, आणि त्यात ओल्या कापसावर मेलेले भुंगे मऊ होत ठेवलेले असायचे. ईराने एकदा लाडवांचा समजून तो उघडला होता. बाईंना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. "झाकण नीट लाव," एवढंच म्हणाल्या.

त्यांच्याबद्दलची सगळ्यात जुनी गोष्ट त्यांनीच मला सांगितली, तीही बढाई म्हणून नाही. लग्नाआधी त्या विदर्भातल्या एका सरकारी शेती कार्यालयात होत्या. कपाशीवरच्या एका अळीचं चित्र त्यांनी माहितीपत्रकासाठी काढलं. साहेब म्हणाले, अळी जरा हिरवी करा, लोकांना अळी म्हटलं की हिरवीच वाटते. बाई म्हणाल्या, ही पिवळी आहे. साहेबांनी परस्पर हिरवी छापून घेतली. खाली बाईंचं नाव. बाई गोदामात गेल्या, गठ्ठे सोडले आणि प्रत्येक पत्रकावरचं आपलं नाव लाल शाईने खोडत बसल्या. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी साहेबांनी गोदामाला कुलूप लावलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? अर्धी राहिली. ती अजून कुठेतरी असतील. हिरवी अळी आणि खाली माझं नाव." हे सांगताना त्यांना खरोखरच त्रास होत होता. मध्ये चाळीसहून जास्त वर्षं गेली होती.

मी तेव्हा नदीपलीकडे, मॅनहॅटनमधल्या एका खासगी लायब्ररीत काम करत होते. जुनी हस्तलिखितं, नकाशे, चित्रं यांचे प्रचंड मोठे फोटो काढायचे, सॉफ्टवेअरने जोडायचे आणि जपून ठेवायचे. त्या लायब्ररीचं एक चित्रसंग्रह विकत घेण्याचं चाललं होतं. सोळाव्या शतकाच्या अखेरीचा, युरोपातल्या फ्लँडर्समधल्या कुणा चित्रकाराचा. वासराच्या कातड्यापासून बनवलेल्या गुळगुळीत चर्मपत्राची एक्केचाळीस पानं आणि प्रत्येक पानावर किडे. माशी, गांधीलमाशी, नाकतोडा, सुरवंट, भुंगे. प्रत्येकाखाली हलकीशी सावली, त्यामुळे किडा नुकताच पानावर येऊन बसल्यासारखा वाटायचा आणि हात आपोआप हाकलायला पुढे व्हायचा. एका पानावरच्या चतुराचं अंग रंगवलेलं होतं, पण पंख खरे होते. चारशे वर्षांपूर्वीच्या चतुराचे पंख उपटून चिकटवलेले. ते अजून चमकत होते.

तीन वर्षांपूर्वी लायब्ररीने या संग्रहातले किडे ओळखायला बाईंना बोलावलं होतं. त्यांनी अहवाल दिला होता. सगळे किडे युरोपातले, सगळे त्या काळाशी जुळणारे. त्या अहवालावर बाईंची सही होती आणि त्या सहीवर खरेदीचा सगळा डोलारा उभा होता. बाईंना त्या जुन्या चित्रकारांबद्दल फार आपुलकी होती. "यांच्या आधी माशी म्हणजे घाण," त्या म्हणायच्या. "या लोकांनी माशीला बसायला अख्खं पान दिलं. आधी बघितलं, मग काढलं. माहीत आहे ते काढलं नाही, दिसलं ते काढलं."

आम्ही पानांचे फोटो काढायला घेतले तेव्हा, कुठला किडा कुठला ते नोंदवायला, बाई पुन्हा लायब्ररीत येऊ लागल्या. मंगळवार आणि गुरुवार. आम्ही दोघी एकाच ट्रेनने जायचो. त्यांची नजर बिघडली आहे हे मला तेव्हा कळलं. दोन्ही डोळ्यांचा मधला भाग झिजत चालला होता, उजव्याचा जास्त. मधलं दिसायचं नाही, कडेकडेचं दिसायचं. त्यामुळे त्या समोरच्याच्या कानाकडे बघत बोलायच्या, म्हणजे त्यांना त्याचा चेहरा दिसायचा. दर काही आठवड्यांनी डोळ्यांत इंजेक्शन. त्याबद्दल बोललेलं त्यांना आवडायचं नाही. पण माझ्या कामाच्या खोलीतल्या मोठ्या पडद्यावर, भुंग्याचा एकेक पाय हातभर करून दाखवला की त्यांना सगळं दिसायचं. तिथे त्या खूश असायच्या. खुर्ची ओढून पडद्याला चिकटून बसायच्या आणि म्हणायच्या, "अजून मोठं कर."

त्या गुरुवारी तेविसावं पान होतं. गेंड्यासारखं शिंग असलेला तपकिरी भुंगा. मी पाठीचा भाग मोठा केला. बाई बोलत होत्या आणि मध्येच थांबल्या.

"हे काय आहे?"

उजव्या पंखकवचावर, वरच्या बाजूला, एक बारीक काळा ठिपका होता. "धूळ असेल," मी म्हणाले.

"अजून मोठं कर."

मी केलं. ठिपक्याच्या एका कडेला पांढऱ्याची एक केसाएवढी रेघ होती. छिद्राच्या ओठावर उजेड पडावा तशी.

"बाजूने दिवा टाकून बघता येईल?"

मी पान पुन्हा कॅमेऱ्याखाली घेतलं, तिरपा प्रकाश टाकला. चर्मपत्राला छिद्र नव्हतं. पृष्ठभाग सपाट होता. म्हणजे छिद्र रंगवलेलं होतं, मुद्दाम, अतिशय काळजीपूर्वक.

बाईंचा श्वास रोखलेला मला ऐकू येत होता, म्हणजे ऐकू येत नव्हता. बऱ्याच वेळाने त्यांनी तो सोडला. "रेवती, भुंग्याला टाचणी कुठून टोचतात माहीत आहे? उजव्या पंखातून. आता जगभर असंच. मधून टोचली तर मधोमधच्या, जात ओळखायच्या खुणा बिघडतात, म्हणून एक बाजू ठरवली. पण हे ठरलं फार पुढे, म्युझियमं झाली तेव्हा. या चित्रकाराच्या काळी असा नियम नव्हताच." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ज्याने हे काढलं त्याच्यासमोर म्युझियमच्या पेटीतला भुंगा होता. टाचणी काढून ठेवली, आणि छिद्र राहिलं. आणि बिचारा इतका प्रामाणिक, की छिद्रसुद्धा काढलं."

"म्हणजे पान खोटं आहे?"

"हे तरी आहे." थर्मासच्या झाकणात ओतलेला चहा तसाच टाकून त्या उठल्या. कोट घालताना बाही सापडत नव्हती. मी मदत करायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे. मी या पानाला बरोबर म्हटलंय."

आमच्या विभागाचा प्रमुख कीथ. खरेदीची घोषणा पंधरा दिवसांवर आलेली. रंगाची तपासणी करा असं म्हटलं तर मालक चिडून विक्री मागे घेईल आणि टपून बसलेली दुसरी लायब्ररी संग्रह उचलेल, ही त्याची भीती. आणि मला सांगायला हवं, माझ्या ग्रीन कार्डच्या अर्जावर त्याच महिन्यात कीथची सही व्हायची होती. आम्ही व्हिसावर नऊ वर्षं काढली होती. मंदारचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा व्हिसा माझ्या व्हिसावर अवलंबून, ईराची शाळा त्यावर.

मीटिंगला कीथ, खरेदी समितीतले दोघं, बाई आणि मी. बोलणं इंग्रजीतच चाललं होतं. बाईंनी छिद्राचं सांगितलं. मागच्या पायांची ठेवणही आजच्या म्युझियममधल्यासारखी आहे हे सांगितलं. "पांढरा रंग कुठल्या काळचा ते तपासा," त्या म्हणाल्या. "पानाला हात न लावता तपासता येतो."

कीथ अगदी नम्र होता. "मिसेस आठल्ये, तुमच्या कामाबद्दल आम्हाला आदर आहे. पण त्या चित्रकारानेही टाचणी टोचली असू शकते ना? योगायोगाने उजवीकडे?"

"असू शकते. म्हणून तर तपासा म्हणतेय."

"आणि, माफ करा, पण तुमच्या दोन्ही डोळ्यांवर उपचार चालू आहेत. तो ठिपका म्हणजे एखाद्या माशीची घाणही असेल."

"म्हणून तर मी एकटीने बघितला नाही." बाई माझ्याकडे वळल्या. "रेवती होती. रेवती, सांग त्यांना, काय बघितलंस?"

सगळे माझ्याकडे बघत होते. कीथ नुसता बघत नव्हता, थोडं हसत होता, जणू माझी अडचण त्याला कळत होती. फाइल माझ्या लॅपटॉपवर होती. नुसती उघडून पडद्यावर टाकायची होती.

"या रेझोल्यूशनला," मी म्हणाले, "मी खात्रीने सांगू शकत नाही."

खोटं होतं. त्याहून स्पष्ट काही मी त्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

बाई माझ्या कानाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी चष्मा काढून डबीत ठेवला, डबी पर्समध्ये ठेवली आणि "ठीक आहे" म्हणून उठल्या.

घरी जाताना मी मुद्दाम रेंगाळले, तरी स्टेशनवर त्या भेटल्याच. ट्रेनमध्ये शेजारी बसलो. नदीखालच्या बोगद्यात कानांवर दाब येतो तसा आला. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. जर्सीच्या बाजूला गाडी निघाल्यावर त्या म्हणाल्या, "बुधवारी तुला मीटिंग आहे म्हणालीस ना? ईराला शाळेतून मी आणते."

मंदारला सांगितलं. तो म्हणाला, "यार, तू चुकीचं काय बोललीस? खात्री नाही, एवढंच म्हणालीस. खात्री कोणालाच नसते." ते वाक्य मी चार दिवस धरून बसले. ईराला आणायला बाई बुधवारी वेळेवर गेल्या. दारातच तिला सोडून लिफ्टकडे वळल्या.

शुक्रवारी कीथने मला केबिनमध्ये बोलावून एक पत्र दाखवलं. बाईंनी समितीला लिहिलेलं. ते मी इतक्यांदा वाचलं आहे की मला पाठ आहे. ‘तीन वर्षांपूर्वीच्या अहवालावरची माझी सही मी मागे घेते. तो लिहिताना माझी नजर अधू झाली होती आणि ते मी लपवलं. काही पानं मी नीट पाहिलीच नव्हती. हे किडे मला पाठ आहेत, म्हणून पाहिल्यासारखं लिहिलं. तेविसाव्या पानावरचं छिद्र मी आता पडद्यावर पाहिलं आहे. त्या वेळी खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं.’

"बघ," कीथ म्हणाला, "तुला यात काही करायची गरज नाही. तिने स्वतःच सांगितलंय की तिला दिसत नव्हतं. अशा बाईच्या आधीच्या शब्दाला किंमत नाही, तशी आत्ताच्याही नाही. बाकीच्या कागदांवर खरेदी होईल."

मी शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. हिरव्या अळीखालचं नाव खोडायला दोन दिवस गोदामात बसणाऱ्या बाईने ते लिहिलं होतं.

मी अर्धा दिवस रजा टाकून घरी आले आणि थेट सहाव्या मजल्यावर गेले. बाई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. पानं डोळ्यांनी नाही, बोटांनी.

"बाई, तुम्ही खोटं लिहिलंत."

"हो."

"का?"

"तू तिथे सगळ्यांसमोर सांगितलंस, खात्री नाही. मी लिहिलं असतं रेवतीने पाहिलं, तर दोघींपैकी एक खोटी ठरली असती. माझ्या पत्रात माझा खोटेपणा आधीच पुरेसा होता. एक ओळ वाढली."

"मी म्हणाले नव्हते लिहा म्हणून."

"तुझी पोरगी शाळेत जाते. माझं आता कोण शाळेत जातंय?" त्यांनी काड्या एका बाजूला सारल्या. मग आवाज चढवून म्हणाल्या, "आणि हे बघ, मला वाईट वाटत नाहीये असं समजू नकोस. मला राग आलाय. तुझा आलाय, माझा आलाय. तीन वर्षांपूर्वी त्या पानांसमोर बसले तेव्हा मधोमध नुसता धूसर ठिपका होता. सांगितलं असतं तर काम गेलं असतं. तुला जशी भीती वाटली ना, तशीच मला वाटली होती. तेव्हा आता जा. रागात मी काहीतरी चूक बोलेन."

मी एकविसाव्या मजल्यावर आले. लॅपटॉप उघडला. तिरप्या प्रकाशातला तो फोटो, त्या दिवशीची कामाची नोंद, ज्यात दोघींची नावं आणि वेळ होती, हे सगळं जोडलं आणि लिहिलं: ‘मी तिथे होते. छिद्र आहे. ते रंगवलेलं आहे. मीटिंगमध्ये मी हे सांगायला हवं होतं.’ कीथ आणि समितीतले दोघं, तिघांचे पत्ते टाकले. मग मंदारला फोन करून घरी बोलावलं. त्याने उभ्याउभ्याच वाचलं. पुन्हा वाचलं. एका शब्दाचं स्पेलिंग दुरुस्त केलं.

"पाठव," तो म्हणाला, आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

त्यानंतरचे दहा दिवस फार वाईट गेले. कीथने उत्तर दिलं नाही. लायब्ररीत जेवणाच्या टेबलाशी मी आले की माणसं फोनकडे बघू लागायची. समितीने घोषणा पुढे ढकलली आणि बाहेरून एक शास्त्रज्ञ बोलावली. तिचं यंत्र पानाला न शिवता रंगात काय आहे ते सांगायचं. मला त्या खोलीत प्रवेश नव्हता. बाई फोन उचलत नव्हत्या. मी त्यांच्या दाराशी जाऊन बेल न वाजवता परत यायचे. आत श्वास सोडल्याचा आवाज येतो का, ते ऐकायचे. यायचा नाही. त्या काम करत नव्हत्या.

निकाल आला. तेविसाव्या पानावरचा पांढरा रंग विसाव्या शतकात बनू लागलेला होता. आणखी तीन पानांवरही तोच. उरलेली सदतीस पानं अस्सल होती. मधल्या कुठल्या तरी मालकाकडून चार पानं हरवली असणार, आणि संग्रह पुरा दिसावा म्हणून कोणीतरी ती नव्याने काढून घेतली असणार. खरेदी झाली, पण ती चार पानं वेगळी काढून.

या वेळी मी बेल वाजवली. बाईंनी दार उघडलं. उभ्यानेच सगळं ऐकलं.

"बाकीची तीन कुठली?"

मी आकडे सांगितले. त्या खुर्चीत बसल्या. "अकरावं? अकरावं मला दिसलं होतं. चांगल्या उजेडात, डाव्या डोळ्याने. गांधीलमाशी होती." गळ्यातलं भिंग बोटांत फिरवू लागल्या. "चांगला हात होता त्याचा."

"तुम्ही नसता तर तेविसावंही कळलं नसतं."

"चूक आहे," त्या म्हणाल्या. शेरा माझ्या वाक्याला होता, की स्वतःला, मी विचारलं नाही. मग उठून त्यांनी चहा ठेवला. दोन कप. माझ्यात साखर घातली. आम्ही ओट्याशी उभ्यानेच प्यायलो.

माझं पुढे काय झालं ते थोडक्यात. मला कोणी काढलं नाही. कीथने तोंडभर आभार मानले आणि माझी फाइल त्याच्या टेबलावरून हलली नाही. मी हॉस्पिटलांसाठी स्कॅनचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत गेले आणि ग्रीन कार्डची वाट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. मंदारने त्यावरून मला एकदाही बोलून दाखवलं नाही. त्याला काय वाटलं ते मला माहीत आहे. बाईंना लायब्ररीने पुन्हा बोलावलं नाही. संग्रहाचं प्रदर्शन भरलं तेव्हा भिंतीवरच्या मजकुरात ‘तज्ज्ञ तपासणीत आढळून आले’ एवढंच होतं. मी चिडले.

"कशाला चिडतेस?" बाई म्हणाल्या. "माझं नाव चुकीच्या कागदावर होतं. निघालं. या वेळी सगळ्या प्रतींवरून निघालं."

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांचा डावा डोळाही मधून गेला. त्यांची मुलगी शलाका देशाच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलला, एका औषधांच्या कंपनीत आहे. ती येऊन सगळं आवरून गेली. काचेच्या पेट्या म्युझियमला, टेबल खालच्या मजल्यावरच्या एका विद्यार्थिनीला. कुंचले बाईंनी ईराला दिले, पण हात लावायची परवानगी दहावा वाढदिवस झाल्यावर. "शलाकाच्या घरामागे झाडी आहे," त्या मला म्हणाल्या. "किडे तिथले वेगळे. नावं नव्याने शिकावी लागतील." शलाका त्यांना घ्यायला येणार होती. बाईंनी तिला येऊ दिलं नाही. तिकीट एकटीचं काढायला लावलं.

नूअर्क विमानतळावर मी सोडायला गेले. तपासणीच्या रांगेपलीकडे मला जाता येणार नव्हतं. एअरलाइनचा एक उंच माणूस व्हीलचेअर घेऊन आला. बाई खुर्चीत बसायला तयार होईनात. त्यांनी आपली पिशवी खुर्चीवर ठेवली, मागची मूठ स्वतः धरली आणि ढकलत निघाल्या. तो माणूस आधी गोंधळला, मग त्यांच्या शेजारून चालू लागला. बाई त्याला काहीतरी सांगत होत्या, त्याच्या कानाकडे बघत. तो वाकून ऐकत होता.

वळणाशी त्या थांबल्या, मागे वळल्या आणि हात वर केला. मी उजवीकडच्या खांबाशी होते, लाल जॅकेटमध्ये. त्यांचा हात डावीकडे होता, कॉफीच्या दुकानाकडे. तिथे लाल कोटातली एक अनोळखी बाई कप घेऊन उभी होती. तिने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मग तिने कप खाली ठेवला आणि हात हलवला. बाई समाधानाने मान हलवून वळल्या.

मी हाक मारली नाही.